खून, प्रेम आणि एक कुत्रा : ९० वर्षांपूर्वी 'द थिन मॅन'ने हा फॉर्म्युला कसा जमवला?

ओटीटीवर रात्री काहीतरी हलकंफुलकं शोधताना एक ठरावीक कथा हमखास समोर येते. एक जोडपं आहे. दोघांचं एकमेकांना चिमटे काढणं चालू असतं. आजूबाजूला कुठेतरी खून होतो. पोलिसांना काही सुधरत नाही, म्हणून हे दोघं नाक खुपसतात. घरात एक कुत्रा असतो आणि शेवटपर्यंत सगळ्यात जास्त भाव तोच खाऊन जातो.

अ‍ॅडम सँडलर आणि जेनिफर अ‍ॅनिस्टनचा 'मर्डर मिस्ट्री' (२०१९) असो किंवा 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' (२०२१) ही मालिका, खून दाखवायचा पण प्रेक्षकाला घाबरवायचं नाही, उलट हसवायचं, हा प्रकार आता आपल्या अंगवळणी पडला आहे. पण एकेकाळी रहस्यकथेत प्रेम आणणं हा चक्क नियमभंग समजला जायचा. तो नियम मोडून हे तिन्ही पदार्थ एकाच ताटात वाढणारा सिनेमा १९३४ साली आला. त्याचं नाव 'द थिन मॅन'.

त्याची गोष्ट समजून घेतली की खुनाच्या कथेत हसू कसं मावतं, हेही कळतं.

आधी नियम काय होता?

१९२०चं दशक हा इंग्रजी रहस्यकथांचा सुवर्णकाळ मानला जातो. तेव्हा रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला बुद्धिबळाचा डाव असायचा. लेखकाने सगळे सुगावे समोर ठेवायचे आणि वाचकाने खुनी ओळखायचा.

एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली या डावाचे २० नियम लिहून काढले. त्यातला तिसरा नियम होता, कथेत प्रेमप्रकरण नको. त्याचं म्हणणं साधं होतं. गुन्हेगाराला न्यायासमोर उभं करायचंय, प्रेमी जिवांना बोहल्यावर नाही.

गंमत म्हणजे या यादीत कुत्र्याचाही उल्लेख आहे. अनोळखी माणूस आला तर कुत्रा भुंकतो; तो भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या १८९२ सालच्या कथेत ही युक्ती आहे. व्हॅन डाइनने ती घासून गुळगुळीत झालेल्या युक्त्यांमध्ये टाकली आणि स्वाभिमानी लेखकाने ती वापरू नये, असं बजावलं.

नियम सगळ्यांनीच पाळले असं नाही. अगाथा ख्रिस्तीने १९२२ सालीच टॉमी आणि टपेन्स ही हेरगिरी करणारी जोडी आणली होती. पण सर्वसाधारण समज असाच होता की डिटेक्टिव्ह एकटा असावा, थंड डोक्याचा असावा आणि त्याच्या घरात काय चाललंय याच्याशी वाचकाला देणंघेणं नसावं.

मग 'द थिन मॅन'ची गोष्ट काय?

निक चार्ल्स हा एकेकाळचा नावाजलेला डिटेक्टिव्ह. नोरा नावाच्या श्रीमंत मुलीशी त्याचं लग्न झालंय. तेव्हापासून त्याने धंदा बंद केला आहे आणि बायकोची मालमत्ता सांभाळणं हेच त्याचं काम आहे. म्हणजे खरं तर मजेत पिणं, खाणं आणि लोळणं. नाताळच्या सुट्टीत दोघं न्यूयॉर्कला आलेत. सोबत अ‍ॅस्टा नावाचा कुत्रा आहे.

तिथे निकच्या जुन्या ओळखीतल्या एका संशोधकाची मुलगी भेटते. तिचे वडील क्लाइड वायनंट अचानक कुठेतरी निघून गेलेत. तिच्या लग्नाला परत येतो म्हणाले होते, पण पत्ता नाही. त्यातच वायनंटच्या सेक्रेटरीचा खून होतो आणि संशय थेट बेपत्ता वायनंटवर जातो.

निकला यात अजिबात पडायचं नाही. नोराला मात्र नवऱ्याला काम करताना बघायचंय. ती टोचत राहते, माणसं दारात येत राहतात, आणि शेवटी निक कामाला लागतो. शेवटाला तो सगळ्या संशयितांना रात्रीच्या जेवणाला बोलावतो आणि टेबलावरच खुनी कोण ते उघड करतो. पुढे असंख्य चित्रपटांनी उचललेला हा प्रसंग इथे आवर्जून बघावा असा आहे. खुनी कोण, ते इथे सांगणार नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'थिन मॅन' म्हणजे निक नाही. तो हडकुळा माणूस म्हणजे बेपत्ता संशोधक वायनंट. पण मूळ कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचा स्वतःचा फोटो होता आणि लेखक चांगलाच सडपातळ होता. त्यात सिनेमा एवढा चालला की पुढच्या पाचही भागांच्या नावात 'थिन मॅन' आलं. मग लोकांनी ते नाव निकलाच चिकटवून टाकलं.

हे लिहिलं कुणी?

हे हलकंफुलकं प्रकरण लिहिणारा माणूस हलक्याफुलक्या लेखनासाठी अजिबात प्रसिद्ध नव्हता.

डॅशिएल हॅमेट लेखक होण्याआधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. पाठलाग, पाळत, चोऱ्यामाऱ्या हे त्याने स्वतः पाहिलं होतं. 'रेड हार्वेस्ट' (१९२९) आणि 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) या त्याच्या कादंबऱ्यांनी अमेरिकन रहस्यकथेला बंगल्यातून काढून रस्त्यावर आणलं. त्याचे डिटेक्टिव्ह कोरडे होते, एकटे होते आणि कुणावर विश्वास ठेवणारे नव्हते.

१९३० साली त्याची भेट लिलियन हेलमनशी झाली. ती पुढे मोठी नाटककार झाली. दोघांचं लग्न कधी झालं नाही, पण भांडत, दुरावत, पुन्हा एकत्र येत हे नातं ३० वर्षं टिकलं. १९३४च्या जानेवारीत आलेली 'द थिन मॅन' ही कादंबरी हॅमेटने तिलाच अर्पण केली. नोरा हे पात्र हेलमनवरून घेतलं, असं त्याने तिला सांगितलं होतं. ती खूश झाली, तर लगेच पुढे म्हणाला की पुस्तकातली बावळट मुलगी आणि खलनायिकाही तूच आहेस. हा किस्सा हेलमनने स्वतः लिहून ठेवलाय. निक आणि नोराच्या संवादांचा सूर नेमका हाच आहे. कौतुक करायचं, पण तोंडावर नाही.

सिनेमात ही जादू कशी आली?

पटकथेचं काम एमजीएम स्टुडिओने फ्रान्सेस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांना दिलं. हे दोघं खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते आणि एकत्र लिहायचे. खुनाच्या गुंत्याइतकीच जागा त्यांनी निक-नोराच्या बोलण्याला दिली. याच जोडीने पुढे 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची पटकथा आणि 'द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक' हे पुलित्झर मिळवणारं नाटक लिहिलं.

दिग्दर्शक होता डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक. नियम लिहिणारा व्हॅन डाइन वेगळा आणि हा वेगळा. एका टेकमध्ये शॉट ओके करणारा म्हणून तो ओळखला जायचा. 'मॅनहॅटन मेलोड्रामा' या सिनेमाच्या सेटवर त्याने विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांना पहिल्यांदा एकत्र काम करताना पाहिलं. दोघांचं आपापसातलं बोलणं इतकं सहज होतं की निक आणि नोरा हेच, असं त्याने ठरवून टाकलं.

स्टुडिओला मात्र लॉय पसंत नव्हती. तोपर्यंत तिच्या वाट्याला गूढ, कपटी, 'परदेशी' दिसणाऱ्या बायकांच्या भूमिका आल्या होत्या. 'द मास्क ऑफ फू मांचू'मध्ये ती खलनायकाची मुलगी होती. विनोदी बायको हिला कशी जमणार? व्हॅन डाइक अडून बसला आणि स्टुडिओने परवानगी दिली, पण पुढच्या सिनेमासाठी ती वेळेत मोकळी झाली पाहिजे या अटीवर. मग शूटिंग दोन-तीन आठवड्यांतच उरकलं.

या घाईचा सिनेमाला फायदाच झाला. संवाद घोटून घोटून म्हटल्यासारखे वाटत नाहीत. नोराची पहिली एन्ट्रीच बघा. हातात नाताळच्या खरेदीचे डबे, पुढे कुत्रा साखळी ओढतोय, आणि ही श्रीमंत बाई हॉटेलच्या बारमध्ये सपशेल तोंडावर पडते. त्या काळात नायिकेची ओळख अशी करून देत नसत. उठून ती नवऱ्याशेजारी बसते, त्याचे किती पेग झाले ते विचारते आणि बरोबरी साधायला स्वतःसाठी एकदम आणखी पाच मागवते.

लग्नानंतरचं प्रेम यात काय नवीन होतं?

त्या काळातल्या बहुतेक प्रेमकथा लग्नाशी संपायच्या. नायक-नायिका भेटणार, गैरसमज होणार, शेवटी लग्न, की पडदा पडला. संसार दाखवायचाच तर कटकट, संशय किंवा बाहेरख्यालीपणा.

'द थिन मॅन'मध्ये दोघं पहिल्या दृश्यापासून विवाहित आहेत आणि शेवटपर्यंत एकमेकांवर फिदा आहेत. त्यांच्यात फूट पडेल का, हा प्रश्न कथेत येतच नाही. म्हणून व्हॅन डाइनचा आक्षेपही आपोआप गळून पडतो. त्याला भीती होती की प्रेमप्रकरण तपासाच्या आड येईल. इथे प्रेम आधीच जुळलेलं आहे, त्यामुळे ते तपासाला वेग देतं. नोरा प्रश्न विचारते, निक टाळतो, ती खोदते, आणि त्या टोलवाटोलवीत प्रेक्षकाला केसची माहिती मिळत जाते. जे काम एरवी लांबलचक खुलाशांनी करावं लागतं, ते इथे नवरा-बायकोच्या गप्पा करतात.

यातला सगळ्यात मजेशीर योगायोग असा की व्हॅन डाइनच्या फिलो व्हॅन्स या डिटेक्टिव्हची भूमिका याआधी चार सिनेमांत केली होती विल्यम पॉवेलनेच. 'द थिन मॅन'च्या ट्रेलरमध्ये तर पॉवेलचा फिलो व्हॅन्स पॉवेलच्याच निक चार्ल्सशी बोलताना दिसतो. प्रेमबंदीचा नियम करणाऱ्या लेखकाच्या नायकानेच तो नियम मोडला, असं म्हणायला हरकत नाही.

प्रेक्षकांना पॉवेल आणि लॉय इतके पटले की अनेक जण त्यांना खरंच नवरा-बायको समजायचे. दोघांनी मिळून १४ सिनेमे केले. प्रत्यक्षात त्यांचं नातं कायम मैत्रीचंच राहिलं.

आणि कुत्रा?

पुस्तकातली अ‍ॅस्टा ही श्नाउझर जातीची कुत्री आहे. सिनेमात तिच्या जागी वायर फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा आला. त्याचं खरं नाव स्किपी.

स्किपी हा हॉलिवूडमधला प्रशिक्षित कलाकार होता. तो इशाऱ्यांवर काम करायचा. सेटवर त्याची शिस्त कडक असायची. दोन शॉटच्या मध्ये कलाकारांनी त्याचे लाड करायचे नाहीत, कारण मग त्याचं लक्ष विचलित होतं, असा प्रशिक्षकांचा नियम होता. पडद्यावर ज्याला नोरा जीव लावते, तो कुत्रा मर्ना लॉयला एकदा चावलाही होता, असं तिने आठवणींमध्ये सांगितलंय. याच स्किपीने पुढे 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) आणि 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) या गाजलेल्या विनोदी सिनेमांतही कामं केली.

कथेत अ‍ॅस्टाचं काम तीन पातळ्यांवर चालतं.

पहिलं, तो वातावरण हलकं ठेवतो. मालक धोक्यात शिरतो तेव्हा हा शूर कुत्रा लपायला जागा शोधतो. प्रेक्षक हसतो, आणि ज्या कथेत कुत्र्याला हसायचंय तिथे फार भयंकर काही होणार नाही, हे मनोमन ओळखतो.

दुसरं, तो तपासातही उपयोगी पडतो. सिनेमातला एक महत्त्वाचा सुगावा अ‍ॅस्टाच्या नाकामुळेच लागतो. म्हणजे भुंकण्याची घासलेली युक्ती न वापरताही कुत्र्याला कामाला लावता येतं.

तिसरं, तो दोघांच्या मधलं घर आहे. निक-नोरा हॉटेलात राहतात, रात्री-बेरात्री भटकतात, त्यांना मूल नाही. पण कुत्र्याला कोण फिरवणार, तो कुठे झोपणार यावरून दोघांचं चालतं तेव्हा हा संसार आहे, हे जाणवतं. शेवटचा प्रसंग रेल्वेच्या डब्यातला आहे. कुत्रा आज माझ्याजवळ झोपू दे, असं नोरा म्हणते. निक त्याला उचलून वरच्या बर्थवर टाकतो आणि वर एकटा पडलेला अ‍ॅस्टा पंजाने डोळे झाकून घेतो. नवरा-बायकोचा प्रणय एकही चुंबन न दाखवता कसा सुचवायचा, याचं हे झकास उदाहरण आहे.

सिनेमा मे १९३४मध्ये आला. त्याच वर्षी जुलैपासून हॉलिवूडमध्ये नैतिकतेची नियमावली कडकपणे लागू झाली. त्यानंतर पडद्यावर काय सुचवायचं आणि काय नाही, यावर बरीच बंधनं आली.

अ‍ॅस्टामुळे अमेरिकेत या जातीच्या कुत्र्यांची मागणी वाढली. सिनेमा बघून कुत्रा घेणाऱ्यांनी तेव्हाही हे लक्षात घ्यायला हवं होतं आणि आताही. फॉक्स टेरियर हा मुळात बिळातून कोल्ह्याला हुसकावण्यासाठी तयार केलेला शिकारी कुत्रा आहे. तो सोफ्यावर शांत बसून राहणाऱ्यांपैकी नाही. अ‍ॅस्टाच्या नावाचा आणखी एक वारसा म्हणजे इंग्रजी शब्दकोडी. चार अक्षरांचं, सुरुवातीला आणि शेवटी 'ए' असलेलं हे नाव कोडी रचणाऱ्यांच्या आजही कामी येतं.

मग खुनाचं गांभीर्य कुठे गेलं?

अशा कथांवर हा प्रश्न कायम विचारला जातो. माणूस मेलाय आणि तुम्ही विनोद करताय?

'द थिन मॅन' हे जमवतो ते काही पथ्यं पाळून. रक्तपात पडद्यावर जवळपास नाहीच. जे मरतात त्यांच्यात प्रेक्षकाचा जीव अडकलेला नसतो. विनोद मेलेल्या माणसावर नाही, तर जिवंत असलेल्या लोभी, खोटारड्या नातेवाइकांवर होतो. आणि खून हा शेवटी खूनच राहतो, त्याचा हिशोब चुकता होतोच. आज ज्याला 'कोझी मिस्ट्री' म्हणतात, त्या प्रकाराची पथ्यंही साधारण हीच आहेत.

काळही लक्षात घ्यायला हवा. १९३३ साली अमेरिकेत महामंदीने कळस गाठला होता, जवळपास चार कामगारांमागे एक बेरोजगार होता. १३ वर्षांची दारूबंदी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उठली होती. अशा वेळी पैशाची चिंता नसलेलं, चांगले कपडे घालणारं, खुलेआम पिणारं आणि तरीही एकमेकांवर प्रेम करणारं जोडपं बघणं हा लोकांसाठी दिलासा होता.

आज बघताना काय खटकतं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे नोराला मिळणारी वागणूक. ती निकइतकीच हुशार आहे, घरातला पैसा तिचा आहे, केस घ्यायला लावणारीही तीच. पण खरी जोखीम आली की निक तिला टॅक्सीत बसवून भलतीकडेच धाडून देतो आणि हा विनोद म्हणून दाखवला जातो.

दुसरी म्हणजे दारू. सिनेमात ती सतत आहे आणि तिचा त्रास कधीच नाही. लेखकाच्या आयुष्यात मात्र तो होता. हॅमेट अनेक वर्षं व्यसनात बुडालेला होता आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याने दारू सोडली. 'द थिन मॅन' ही त्याची शेवटची कादंबरी ठरली. त्यानंतर तो २७ वर्षं जगला, सिनेमासाठी कथा लिहिल्या, दुसऱ्या महायुद्धात वयाच्या ४८व्या वर्षी सैन्यात भरती झाला, पण दुसरी कादंबरी पूर्ण झाली नाही. १९५१ साली, डाव्या कार्यकर्त्यांच्या जामिनासाठी पैसे देणाऱ्यांची नावं कोर्टात सांगायला त्याने नकार दिला आणि साधारण पाच महिने तुरुंगात काढले. १९६१ साली तो गेला. शेवटच्या आजारपणात त्याची काळजी घेणारी होती लिलियन हेलमन, म्हणजे मूळची नोरा.

हे माहीत असलं की सिनेमातला प्रत्येक ग्लास थोडा वेगळा दिसतो. हसू कमी होत नाही, पण हे सुखी जोडपं लिहिणाऱ्याच्या वाट्याला तसं सुख आलं नव्हतं, हे ध्यानात राहतं.

पुढे काय झालं?

सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास खर्चात बनलेल्या या सिनेमाने त्याच्या कितीतरी पट कमाई केली. सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि पटकथा अशी चार ऑस्कर नामांकनं मिळाली. चारही ठिकाणी तो एकाच सिनेमाकडून हरला, 'इट हॅपन्ड वन नाइट'. मर्ना लॉयला तर नामांकनही मिळालं नाही, ना तेव्हा ना नंतर. १९९१ साली तिला मानद ऑस्कर देण्यात आलं.

१९३६, १९३९, १९४१, १९४५ आणि १९४७ असे आणखी पाच भाग आले. रेडिओ मालिका झाली, १९५७ ते १९५९ टीव्ही मालिकाही झाली. १९७९मध्ये सुरू झालेल्या 'हार्ट टू हार्ट' या मालिकेत श्रीमंत जोडपं, खून आणि फ्रीवे नावाचा कुत्रा असा सगळा संसार पुन्हा मांडला गेला. १९९७ साली 'द थिन मॅन'चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला.

बघायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

पहिल्या भागापासूनच. कृष्णधवल आहे, दीड तासाचा आहे. संवाद भरभर येतात, त्यामुळे सबटायटल चालू ठेवलेली बरी. तो आवडला तर दुसरा, 'आफ्टर द थिन मॅन', लगेच बघा. पहिला भाग संपतो त्याच रेल्वे प्रवासानंतर तो सुरू होतो आणि त्यात तरुण जेम्स स्ट्युअर्टही आहे. पुढच्या भागांत चमक हळूहळू कमी होते.

पहिल्यांदा बघताना खुनी कोण हे ओळखता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. गुंता बराच आहे. दुसऱ्यांदा बघणारे मात्र खुन्यासाठी परत येत नाहीत, ते निक-नोराच्या गप्पांसाठी येतात. आणि अर्थात, अ‍ॅस्टासाठी.